दक्षिण आशियाचा भाषा-नकाशा करताय? आधी 'हिंदी' उघडून बघा

राजभाषा बघून अख्खं राज्य रंगवायचा शॉर्टकट डोक्यातून काढा. नागालँडची राजभाषा इंग्रजी. पण मोन जिल्ह्यात कोन्याक बोलतात, मोकोकचुंगमध्ये आओ. पाकिस्तानची राष्ट्रभाषा उर्दू, तरी २०१७ च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे जेमतेम ७ टक्के. 'राज्यवार रंगव, चालतंय' म्हणणाऱ्या सरांकडून बाकी सगळं शिका, एवढं मात्र नको.

भारतासाठी २०११ च्या जनगणनेचा सी-१६ तक्ता (मातृभाषांचा) जिल्हावार घ्या. सगळे फसतात ते इथेच. तक्त्यात दोन थर आहेत: वर 'भाषा', तिच्या पोटात 'मातृभाषा'. हिंदीचे ५२.८३ कोटी हा वरच्या थराचा आकडा. त्यात प्रत्यक्ष 'हिंदी' सांगणारे ३२.२२ कोटी. उरलेल्यांत भोजपुरी ५.०६ कोटी, राजस्थानी २.५८, छत्तीसगढी १.६२, मगही १.२७, शिवाय इतर बऱ्याच. वरचा थर उचललात तर बक्सरपासून बारमेरपर्यंत एकच रंग पसरतो. मैथिली मात्र वेगळी दिसते, कारण ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत (मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत) आहे. आपल्याकडेही तेच: अहिराणी 'खानदेशी'खाली, म्हणजे मराठीबाहेर, मालवणी कोकणीत. म्हणून एकच थर निवडा आणि नकाशाभर तोच पाळा. हिंदी पट्ट्यात खालचा, दक्षिणेत वरचा, असं केलंत की नकाशा गेला. दोन्ही थरांची बेरीज तर कधीच नको, माणसं दुप्पट होतात. तक्त्यातल्या भाषा-कोडच्या शेवटी तीन शून्यं असतील तर ती 'भाषे'ची ओळ; चाळणी तिथेच लावा.

खालचा थरही निर्दोष नाही. घरी बुंदेली बोलणारे कित्येक जण 'हिंदी' सांगतात. ही मर्यादा नकाशाखाली लिहा, एवढं पुरतं. घाबरू नका, ती कुणालाच टाळता आलेली नाही.

शेपफाइल, म्हणजे जिल्ह्यांच्या हद्दींची नकाशा-फाइल, २०११ चीच हवी, ६४० जिल्ह्यांची. पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला; नव्या फाइलला जुने आकडे जोडलेत तर तो रिकामा राहतो आणि ठाण्याच्या लहान झालेल्या हद्दीवर अखंड ठाण्याचे आकडे बसतात. एक्सेल '००१' चा '१' करतं, मग क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये जॉईन (तक्ता आणि नकाशाची जोडणी) लागत नाही. जिल्हा कोडचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा.

आता रंग. जिल्ह्यात सर्वाधिक बोलल्या जाणाऱ्या, म्हणजे पहिल्या भाषेचा वाटा ५० टक्क्यांवर असेल तर भरीव, ३५ ते ५० असेल तर तिरप्या रेघा, त्याखाली 'मिश्र'. सीमारेषा आमच्या मते सोयीच्या आहेत, तुम्ही बदलू शकता. पण ३० टक्क्यांची भाषा पहिली आली म्हणून जिल्हा तिच्या नावे भरीव रंगवू नका.