मखराची पट्टी रोपांना चालेल का?

चवथ झाली, मखर उतरले. त्याला गुंडाळलेली एलईडीची पट्टी आता वर्षभरासाठी माळ्यावर जाईल. वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामातल्या, मिरची-वांग्याचे बी टाकायचे दिवसही हेच. हरमलची मिरची असो, आगशीचे वांगे असो की परसातली गावठी मिरची, भात कापून झाल्यावर रोप लावायचे तर सप्टेंबरच्या मध्याला बी ट्रेमध्ये पडायला हवे. पण या महिन्यात पाऊस धड जातही नाही, धड राहतही नाही. बाहेर वाफा केला तर एका सरीत बी वाहून जाते, नाहीतर उगवलेली रोपे बुडाशी कुजून मान टाकतात. ट्रे घरात घ्यावा तर कौलारू घरात उजेड पुरत नाही.

मी पहिल्या वर्षी मखराचीच पट्टी वापरली. रंग बदलणारी होती, ती जांभळ्यावर ठेवली, कारण रोपांना जांभळा उजेड लागतो असे कुठेतरी पाहिले होते. ट्रे जमिनीवर आणि पट्टी वर फळीला, मध्ये अडीच फूट अंतर. बाराव्या दिवशी वांग्याची रोपे वीतभर उंच, दोऱ्यासारखी बारीक आणि पाणी शिंपडले की आडवी. शेजारची काकी वाकून बघून म्हणाली, “हीं रोपां न्हय रे, शेवयो!”

चूक दोन ठिकाणी होती. शोभेच्या रंगीत पट्टीत उजेड मुळातच कमी. आणि जांभळ्या रंगाचा आग्रह धरायचे काही कारण नाही. साध्या पांढऱ्या एलईडीच्या आत निळा दिवाच असतो. त्याच्यावरचा पिवळसर लेप त्यातल्या काही प्रकाशाचा हिरवा, पिवळा, तांबडा करतो. म्हणजे रोपाला हवे ते सगळे पांढऱ्यात मिळते, शिवाय पानांवरचा डाग, मावा आपल्या डोळ्यांना दिसतो. जांभळ्या उजेडात रोग दिसतच नाही.

दुसरी चूक अंतराची, आणि ती जास्त महागात पडली. दिवा दूर गेला की उजेड झपाट्याने घटतो. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते, रोप मात्र अंधारात चाचपडत लांबत जाते.

म्हणून माझा सल्ला असा. पट्टी पांढरी असेल तरच तिचा विचार करा, नाहीतर बाजारात मिळणारे चार फुटी २० वॅटचे एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबलाइटसारखे लांब दिवे, घ्या. दोनअडीचशे रुपयांच्या आसपास एक मिळतो. चार फूट लांब, एक फूट रुंद फळीवर तीन बॅटन समांतर लावायचे. एक बॅटन साधारण २००० ल्युमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) देतो, म्हणजे तिघांचे ६०००. इकडेतिकडे सांडणारे वजा केले तरी रोपांवर दहा-बारा हजार लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप) पडतात आणि रोपवाटिकेला तेवढे पुरे. मोबाइलवर लक्स मोजायचे ॲप मिळते. ते अंदाजेच दाखवते, पण फोन पडदा वर करून रोपांच्या शेंड्याजवळ ठेवला की कुठला कोपरा अंधारा आहे ते कळते. पाकिटावर उजेडाची छटा ६५०० के किंवा ४००० के अशी लिहिलेली असते, दोन्ही चालतात.

बॅटन लावलेली ती फळी, दिवे खाली येतील अशी, दोन्ही टोकांना साखळीने टांगा. सुंभही चालेल, पण साखळीची एकेक कडी सोडत वर-खाली करणे सोपे जाते. दिवा शेंड्यापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, म्हणजे वीतभराच्या आत, आणि रोप वाढेल तसा वर. बाजूंना जुन्या फ्लेक्स बॅनरची पांढरी बाजू आत करून लावा. बाहेर जाणारा उजेड परत येतो, आणि फ्लेक्सला आपल्याकडे तोटा नाही.

माळ्यावरची पांढरी पट्टीच वापरायची असेल तर आधी तिचा प्लग बघा. ॲडॉप्टर असलेली १२ व्होल्टची पट्टी ठीक. पण अनेक घरांत असते ती थेट २२० व्होल्टवर चालणारी, दोरीसारखी ‘रोप लाइट’ (इंग्रजी रोप म्हणजे दोरी). तिला ट्रेजवळ आणू नका. कापलेल्या टोकाला उघडी तार राहते आणि आपण तिथे रोज पाणी शिंपडणार. १२ व्होल्टची पट्टी भिंतीला किंवा प्लायवुडला चिकटवू नका, तापते. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे ॲल्युमिनियमचे तुकडे पडलेले असतात, त्यावर चिकटवा आणि झिप टायने आवळा. दमट हवेत तिचा गोंद आठवडाभरही टिकत नाही. पाच मीटरची पट्टी एका टोकाला जोडली तर दुसरे टोक मंद पडते, म्हणून वीज दोन्ही टोकांना द्या. ॲडॉप्टर पट्टीच्या गरजेपेक्षा पावपट जास्त क्षमतेचा हवा.

जोडणी वायरमनकडून करून घ्या. बोर्ड ट्रेच्या वर, वायरीला प्लगच्या आधी खाली झोका, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगमध्ये शिरत नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर दिव्यांच्या आधी तो बसवा.

दिवा दिवसाला १४ ते १६ तास. रात्रीची विश्रांती हवीच. वांगे आणि टोमॅटो चोवीस तास उजेडात ठेवले तर पाने पिवळी पडतात. साधा प्लग-टायमर लावला की विसरायची भीती नाही. ६० वॅट १५ तास म्हणजे दिवसाला ०.९ युनिट, महिन्याला २७. आपल्या बिलावरच्या दराने गुणून पाहा. मध्येच वीज गेली तर घाबरू नका, चार-पाच तासांनी रोपांचे काही बिघडत नाही.

बी रुजायला दिवा लागत नाही, ऊब आणि ओल पुरे. पण पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी दिवा सुरू. इथे दोन दिवसांचा आळस म्हणजे शेवयो.

ट्रेमध्ये कोकोपीट आणि चाळलेले गांडूळखत घाला. ज्या शेतात वांगी मर रोगाने गेली तिथली माती अजिबात नको. पाणी खालच्या थाळीत द्या, वरून नको, आणि छोटा पंखा दिवसातून काही तास हळू फिरवा. कोंदट हवेत बुडकूज हटकून येते.

या दिव्याखाली मिरच्या लागतील अशी आशा धरू नका, तेवढा उजेड यात नाही. तांबडी भाजी (लाल माठ) मात्र दाट पेरून कोवळी खाता येते. रंग जरा फिका येतो, चवीला फरक नाही.

वांगी चार, मिरची पाच-सहा आठवड्यांची झाली की लगेच शेतात नेऊ नका. आत दहा हजार लक्स, बाहेर ऑक्टोबरच्या उन्हात लाखभर. पाने भाजून पांढरी पडतात. आठवडाभर आधी ट्रे बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) ठेवा, मग माडाच्या सावलीत, मग सकाळचे दोन तास ऊन, रोज थोडे वाढवत. आणि संध्याकाळी आत घ्या. ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडत येणारी एक सर महिनाभराची रोपे पाच मिनिटांत आडवी करते.