डाउनलोड केलेली गाणी गाडीच्या स्टिरिओवर वाजेनात, तेव्हा

कॉम्प्युटरवर छान वाजणारा अल्बम पेनड्राइव्हवर टाकून गाडीत लावला, तर स्टिरिओला एकही गाणं दिसेना. फाइल खराब असेल असं आधी वाटलं. पण नावाच्या शेवटी पाहिलं, तर डॉट फ्लॅक. फ्लॅकमध्ये मूळ रेकॉर्डिंगमधलं काहीच गाळलं जात नाही, म्हणून आवाज उत्तम. पण अनेक स्टिरिओंना तो फॉरमॅट वाचताच येत नाही. एमपी३ मात्र जवळपास सगळीकडे चालतं.

व्हीएलसी हा मोफत प्लेअर आहे. त्यातल्या 'मीडिया' मेनूतून 'कन्व्हर्ट'मध्ये जाऊन ३२० केबीपीएसची (म्हणजे दर सेकंदाला ३२० किलोबिट डेटा असलेली) एमपी३ केली. चार मिनिटांचं गाणं साधारण साडेनऊ एमबीचं होतं. मूळ फ्लॅक मात्र जपून ठेवा, अगदी आवर्जून सांगतो! एमपी३ करताना गाळलेला आवाज पुन्हा फ्लॅक करून परत येत नाही.

तरीही गाणी दिसली नाहीत, तर पेनड्राइव्हचं फॉरमॅटिंग तपासा. बऱ्याच स्टिरिओंना फॅट३२ ही ड्राइव्हवर फाइल मांडून ठेवण्याची पद्धत लागते. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी कॉपी काढा.

आणि क्रम? काही स्टिरिओ फाइलच्या नावावरून क्रम लावतात, म्हणून '१०' हे '२'च्या आधी वाजतं. नावं '०१', '०२' अशी दिली की अल्बम जसाच्या तसा लागतो.