जुन्या डॉज रॅमचा हीटर कोर बदलताय? आधी हे सगळं जमवा, आणि फोम आणा

ही यादी सेकंड जनरेशन डॉज रॅम १५०० साठी आहे, १९९४ ते २००१ मधली, एसीवाली. एसीवाली हे मुद्दाम सांगतोय, कारण हीटर कोर (गरम कुलंट फिरवून केबिनची हवा तापवणारी छोटी जाळी) आणि एसीचा इव्हॅपोरेटर (हवा गार करणारी जाळी) एकाच प्लॅस्टिकच्या डब्यात असतात, डबा डॅशच्या मागे, आणि तो बाहेर काढायचा तर एसीच्या लायनी सोडाव्याच लागतात, दुसरा रस्ता नाही. १९९६ पर्यंतची फोर्ड एफ-१५० ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे वाचायची गरज नाही, त्यांचा कोर ग्लव्ह बॉक्सच्या मागून निघतो, मजा आहे त्यांची.

पहिली वस्तू फोम. पाना नाही, कोर नाही, फोम. मागच्या वेळी माझा हाच राहिला आणि डॅश पूर्ण लावून झाल्यावर कळलं. कोरकडे जाणारे दोन्ही होज इतके तापलेले की हात लागत नाही, आणि व्हेंटमधून येतेय कोमट हवा. कारण साधं आहे. जुन्या कोरच्या चारही कडांना फोमची पट्टी असते, ती डब्याच्या भिंतीला घट्ट दाबून बसते आणि हवेला कोरच्या जाळीतूनच जायला लावते. वीस-पंचवीस वर्षांनी तो फोम हात लावला की शिळ्या केकसारखा चुरा होतो. नवा कोर बऱ्याचदा नुसता येतो, नाहीतर नावापुरती पातळ पट्टी लावलेली असते. मग हवा जाळीतून कशाला जाईल, बाजूच्या फटीतून निघून जाते. म्हणून सेल्फ-ॲडेसिव्ह, क्लोज्ड सेल, ईपीडीएम किंवा निओप्रीनचा फोम घ्या, पाव इंची एक रोल आणि अर्धा इंची एक. खिडक्यांना लावतात तो पांढरा फुसफुशीत स्पंज घेऊ नका, तो उष्णतेने बसतो आणि ओलावा धरतो. डब्याच्या आतल्या दारांनाही फोम असतो, ब्लेंड डोअर (गरम-गार हवा मिसळणारं) आणि मोड डोअर (हवा कुठल्या व्हेंटकडे जाईल ते ठरवणारं), व्हेंटमधून काळे तुकडे उडत असतील तर ते तेच. म्हणजे एक रोल पुरत नाही, दोन घ्या. दोन म्हणजे दोन.

त्याआधी खात्री करा की खरंच कोरच गेलाय. बाजूच्या सीटखालचा कार्पेट ओला म्हणजे लगेच कोर असं नसतं. एसीचं पाणी जायची ड्रेन ट्यूब त्याच बाजूला फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधली भिंत) बाहेर येते, ती पानांनी किंवा मातीने तुंबली की तेच पाणी आत उतरतं. बोट लावून बघा: साधं पाणी, वास नाही आणि फक्त उन्हाळ्यात येतं, तर ड्रेन, तार घालून साफ करा आणि गपचूप घरी जा. चिकट, गोडसर वास, डिफ्रॉस्ट लावला की काचेवर तेलकट धुकं आणि रेडिएटरमधलं कुलंट हळूहळू कमी, तर कोर. (चव घेऊन बघू नका, कुलंट विषारी असतं.) आपल्याकडे पुण्या-नाशकात कोर गळला की गॅरेजवाला दोन्ही होज एकमेकांना जोडून मोकळा होतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. इकडे ओहायोत हाच जुगाड महिनाभर चालेल, पण जानेवारीत डिफ्रॉस्टशिवाय गाडी चालवून दाखवा.

एसीचा गॅस. हे काम स्वतः करायचं नाही, आधी शॉपमध्ये जाऊन मशीनने काढून घ्यायचा. लाईन सैल करून फुस्स करून सोडून देणं अमेरिकेत क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा आहे, आर-१३४ए या एसीच्या गॅससाठी १९९५ पासून, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो गार गॅस अंगावर आला की कातडी जळते, डोळ्यात गेला तर विचारूच नका. या रॅममध्ये सुरुवातीपासून आर-१३४ए आहे त्यामुळे जुन्या आर-१२ गॅसची कटकट नाही. गॅस काढून घरी येताना कॉम्प्रेसरच्या क्लचची वायर काढून ठेवा. डिफ्रॉस्ट लावलं की कॉम्प्रेसर आपोआप चालू होतो हे लोकांना माहीतच नसतं. लो प्रेशर स्विच त्याला थांबवतो म्हणतात, पण पंचवीस वर्षं जुन्या स्विचवर मी विसंबणार नाही. अपॉइंटमेंट आधी घ्या आणि सगळे पार्ट हातात आल्यावरच घ्या, नाहीतर गॅस गेलाय, गाडी उघडी आणि कोर कुठल्यातरी वेअरहाऊसमध्ये.

पार्ट्स. कोर आला की जुना निघायच्या आधी खोक्यातून काढून नीट बघा, दोन्ही नळ्यांचा वळणाचा कोन, जाडी, फायरवॉलमधून किती बाहेर येतात. स्वस्त कोरच्या नळ्या थोड्या वाकड्या येतात आणि मग डबा फायरवॉलला टेकतच नाही. आणि टेस्ट करा! एक नळी बुचाने बंद, दुसरीतून पंधरा पीएसआयच्या आसपास हवा, कोर बादलीत पूर्ण बुडवून पाच मिनिटं बुडबुडे बघा. जास्त हवा मारू नका, सिस्टीम एवढ्याच प्रेशरवर चालते, उगाच शंभरचा कॉम्प्रेसर लावून नवा कोर फोडाल. इव्हॅपोरेटर पण बदला. पैसे जातील माहितेय, पण तो त्याच डब्यात, त्याच वयाचा, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो गळला तर हीच सगळी यादी परत पहिल्यापासून. ॲक्युम्युलेटर बदलायचाच, त्यात ओलावा शोषणारा माल असतो आणि सिस्टीम उघडी राहिली की तो संपतो. एसीच्या ओ-रिंग्जचा हिरवा सेट, त्यांना लावायला कॉम्प्रेसरला चालतं तेच तेल, इंजिन ऑइल नाही. लायनींची तोंडं झाकायला बुचं, ती नसतील तर जाड प्लॅस्टिक आणि रबरबँड, लाईन सुटली की त्याच मिनिटाला झाकायची. हीटर होज नवे, क्लॅम्प नवे. कुलंट. आणि फोम, खोकं उघडून बघा आला का, वरच्या ओळीत लिहिलंय म्हणून आणला असं समजू नका.

हत्यारं घरात असतातच, फक्त तीन गोष्टी वेगळ्या लागतात. स्प्रिंग लॉक कपलिंग (एसीच्या लायनींचे स्प्रिंगवाले जोड) सोडायच्या प्लॅस्टिकच्या रिंगा, त्यांच्याशिवाय ते जोड सुटत नाहीत आणि लोक स्क्रूड्रायव्हरने कोचून ॲल्युमिनियमची लाईन खराब करतात. ट्रिम काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. आणि लांब एक्स्टेन्शन, कारण डब्याचे काही नट इंजिनच्या बाजूने फायरवॉलवर आहेत आणि तिथे हात पोचत नाही. हे नट मिठाच्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीत गंजलेलेच असतात, आदल्या रात्री गंजाचा स्प्रे मारून ठेवा, सकाळी परत मारा. घाई करून पिळलात की स्टड डब्यातून उखडून येतो, मग प्लॅस्टिक चिकटवत बसा. व्हॅक्यूम पंप आणि गेज पार्ट्सच्या दुकानातून डिपॉझिटवर मिळतात, विकत घेऊ नका.

माणूस एक जास्तीचा. डॅश एकट्याने उचलू नका. या गाड्यांचे डॅश तडकण्यासाठीच प्रसिद्ध आहेत, थंडीत तर नुसता दाब दिला की कटकन आवाज येतो, म्हणून काम उबदार दिवशी किंवा हीटर लावलेल्या गॅरेजमध्ये, आणि सीटवर जाड गोधडी. एकाने डावी बाजू धरायची, एकाने उजवी, आणि मधे अडकलं तर ओढायचं नाही, थांबून बघायचं कुठली वायर राहिलीय.

बॅटरी: निगेटिव्ह काढा आणि किमान दोन मिनिटं थांबा, मग एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावा. १५०० नसून कमिन्स डिझेलवाली २५०० किंवा ३५०० असेल तर बॅटऱ्या दोन आहेत, दोन्हींच्या निगेटिव्ह. काढलेली एअरबॅग तोंड वर करून ठेवायची. स्टीअरिंगचा कॉलम खाली सोडताना चाक सरळ करून लॉक करा, चाक फिरत राहिलं तर आतला क्लॉकस्प्रिंग (एअरबॅगच्या वायरची गुंडाळी) तुटतो. कॉलमवर गिअर असेल तर पी-आर-एन-डीची (गिअर दाखवणाऱ्या काट्याची) बारीक केबल आधी सोडा.

फोटो काढा. प्रत्येक कनेक्टर सोडण्याआधी एक. स्क्रू झिपच्या पिशव्यांमध्ये आणि पिशवीवर मार्करने लिहा, "ठेवलेत इथेच कुठेतरी" हे चालत नाही. व्हॅक्यूमच्या रंगीत नळ्यांना मास्किंग टेपने खुणा करा, डब्यातली दारं त्यांच्यावरच हलतात. एक जरी नळी निसटली तरी हवा कायम डिफ्रॉस्टकडे जाते आणि तुम्ही कंट्रोल पॅनल बदलत बसता. त्या नळ्या वयाने कडक झालेल्या असतात, ओढू नका, जोडाशी धरून हलवत काढा, आणि त्याच जाडीची फूटभर रबरी नळी जवळ ठेवा.

कुलंट काढल्यावर आणि होज सुटल्यावर आधी इंजिनची बाजू साध्या पाण्याने धुवून घ्या, बागेच्या पाइपने, हळू प्रेशरने, दोन्ही दिशांनी, पाणी स्वच्छ येईपर्यंत. नाहीतर ब्लॉकमधला गंज सरळ नव्या कोरमध्ये. होज चिकटले असतील तर ब्लेडने उभे चिरा, कोरची नळी वाकली तर वाकू दे, ती कचऱ्यातच जाणारे, पण शेजारच्या एसीच्या लायनीवर जोर देऊ नका.

आता डबा टेबलावर. उघडा, आत पानं, केस, कधी उंदराचं घरटं, सगळं बाहेर, साबणाच्या पाण्याने धुवा, वाळू दे पूर्ण. ओल्यावर फोम चिकटत नाही. दारं हाताने फिरवून बघा, ब्लेंड डोअरची कडी तडकलीय का. जुना फोम खरवडून काढा, गोंद अल्कोहोलने पुसा. मग नवा फोम: कोरच्या वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, कोपऱ्यात तुकडे एकमेकांना भिडलेले, फट नाही. दारांना पण. फायरवॉलला टेकते त्या कडेला आणि नळ्यांच्या भोवती पण, नाहीतर इंजिनचा वास केबिनमध्ये. दाराचा फोम फार जाड लावू नका, दार पूर्ण बंद होत नाही, तिथे पाव इंची पुरे. डबा बंद केला की लाईट घालवा आणि ब्लोअरच्या बाजूने आत टॉर्च धरा, ब्लेंड डोअर गरमच्या बाजूला ठेवून दुसरीकडून बघा. कोरच्या जाळीतून बारीक ठिपके दिसले तर ठीक. कडेने उजेडाची रेघ दिसली तर ती फट आहे, डबा परत उघडा आणि तिथे फोम भरा. आत्ता पाच मिनिटं लागतात. डॅश लावल्यावर नाही लागत पाच मिनिटं.

बसवणं उलट क्रमाने, ते काय लिहायचं. फक्त डॅश लावायच्या आधी होज जोडून पाणी भरा आणि रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर टेस्टर लावून अर्धा तास सोडा, काटा पडला नाही तरच पुढे. ड्रेन ट्यूब भोकातून बाहेर आली का बघा. ओ-रिंग्ज नव्या, तेल लावून. टॉर्चने फोम बघितला ना? मग डॅश.

पुढचं पटकन: बॅटरी सगळ्यात शेवटी. एसीच्या लायनींना व्हॅक्यूम पाऊण तास, पंप बंद करून आणखी अर्धा तास काटा हलायला नको. बदललेल्या पार्टांपुरतं तेल आणि गॅस किती ते बॉनेटखालच्या स्टिकरवर, अंदाजपंचे भरू नका, जमत नसेल तर शॉपमध्येच भरून घ्या. क्लचची वायर परत लावा. टेस्टचं पाणी काढून कुलंट, डिस्टिल्ड वॉटरबरोबर अर्धं-अर्धं, गाडीचं नाक चढावर, हीटर फुल गरम, कॅप इंजिन थंड असतानाच उघडून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर लेव्हल बघून टॉप-अप. जुनं कुलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून रीसायकलिंगला द्या, उघड्या भांड्यात ठेवलंत तर शेजारचा कुत्रा गोड म्हणून पिऊन जाईल.