१६ पाकिटं शेव आणि एक चुकलेला निष्कर्ष

संख्याशास्त्रात एम.एस्सी. करताना टी-चाचणीचं, म्हणजे थोड्या नमुन्यांच्या सरासरीतला फरक खरा की योगायोगाचा हे तपासायचं, गणित मी डोळे मिटून सोडवत असे. इंदूरला, खंडवा रोडवरच्या विद्यापीठाच्या तक्षशिला परिसरात दोन वर्षं काढली, परीक्षेत हा प्रश्न कधी सोडला नाही. मग सांवेर रोडवरच्या एका नमकीन कारखान्यात क्वालिटी विभागात लागले आणि दुसऱ्याच महिन्यात हीच चाचणी बिनचूक करून मालकाची बरीच शेव फुकट वाटली. आकडेमोडीत काडीचीही चूक नव्हती. चूक कॅल्क्युलेटर हातात घेण्याच्या आधीच झाली होती. संख्याशास्त्र शिकणाऱ्या किंवा अशाच एखाद्या नोकरीत पाय ठेवणाऱ्या मुलामुलींनी मला कधी विचारलं, तर मी हाच किस्सा सांगते.

आधी शब्दांचा घोळ. इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या माझ्यासारख्या मुलांचं घरी मराठी, शाळेत हिंदी आणि विद्यापीठात इंग्रजी. त्यामुळे एकच गोष्ट, म्हणजे ‘काही फरक नाही’ असं आधी धरून चालणं, मी शून्य परिकल्पना, नल हायपोथेसिस आणि शून्य गृहीतक अशी तीनदा शिकले आणि तिन्ही वेळा पाठच केली. सर्वांत जास्त फसवलं ते ‘पॉप्युलेशन’ या शब्दानं. मनात लोकसंख्याच यायची, जनगणना, माणसं. मराठीतला ‘समष्टी’ हा शब्द जरा जड आहे, पण प्रामाणिक आहे: ज्या सगळ्याबद्दल बोलायचंय ते सगळं. हे ‘सगळं’ म्हणजे नेमकं काय, हे कागदावर लिहून काढा. आजच्या शिफ्टची सगळी पाकिटं? एकाच मशीनची? महिन्याभराची? मी ते लिहिलं नव्हतं, आणि तिथेच घसरले.

आमचं पाकीट २०० ग्रॅमचं. नापतौलवाल्यांच्या, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या खात्याच्या, नियमात दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहतात. वैधमापनाच्या २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार १०० ते २०० ग्रॅमच्या पाकिटात साडेचार टक्के, म्हणजे २०० ग्रॅमला ९ ग्रॅम, एवढी तूट एखाद्या पाकिटात निघू शकते. पण सरासरी मात्र छापलेल्या वजनाच्या खाली जाता कामा नये. एकेका पाकिटाला सवलत आहे, सरासरीला नाही. आणि सगळी पाकिटं फोडून बघितली तर विकायचं काय? म्हणून नमुना घ्यायचा आणि त्याच्या सरासरीवरून सगळ्यांच्या सरासरीबद्दल बोलायचं.

त्या सकाळी मी १६ पाकिटं उचलली, कापली, शेव काट्यावर ओतून निव्वळ वजन घेतलं. सरासरी आली १९८.६ ग्रॅम, प्रमाण विचलन, म्हणजे पाकिटं सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होतात ते, २.४. शून्य गृहीतक: खरी सरासरी २०० आहे. पर्यायी: २०० नाही. आता प्रश्न असा की १.४ ग्रॅमची तूट खरी की योगायोगाची? पाकिटं एकमेकांपासून २.४ ग्रॅमनं इकडेतिकडे होतात, पण १६ पाकिटांची सरासरी तेवढी हलत नाही. ती २.४ भागिले १६ चं वर्गमूळ, म्हणजे २.४ भागिले ४, म्हणजे ०.६ ग्रॅमनं हलते. हीच प्रमाण त्रुटी. तूट १.४, हलणं ०.६, भागाकार २.३३. सरासरी कमी होती, म्हणून टी उणे २.३३.

हा भागाकार नीट समजला तर बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. वर फरक, खाली त्या फरकाचं नैसर्गिक डुलणं. नवीन मुलं बहुतेकदा खाली ०.६ ऐवजी थेट २.४ घालतात. मग उत्तर येतं ०.५८, आणि कुठलाच फरक कधी सापडत नाही.

२.३३ मोठं की लहान हे तक्ता सांगतो: त्यात एक सीमा असते, टी तिच्या पलीकडे गेला की फरक निव्वळ योगायोगाचा मानत नाहीत. समष्टीचं प्रमाण विचलन आधीपासून पक्कं माहीत असतं तर सीमा १.९६ असती. आम्हाला ते माहीत नव्हतं, त्याच १६ पाकिटांतून काढलं होतं, म्हणून सीमा थोडी सरकते: १५ स्वातंत्र्यमात्रांना (इथे पाकिटांच्या संख्येतून एक वजा) २.१३१. चारच पाकिटं घेतली असती तर ३.१८२. ही सरकण्याची भानगड विल्यम गॉसेटनं शोधली. हा माणूस डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात होता. बार्लीचे नमुने थोडेच मिळायचे, आणि थोड्या नमुन्यांना तोवरचं गणित पुरत नव्हतं. १९०८ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात त्यानं ते छापलं, पण स्वतःच्या नावानं छापायला कारखान्याची परवानगी नसल्यानं ‘स्टुडंट’ या टोपणनावानं. म्हणून ती स्टुडंटची टी-चाचणी. मला बरीच वर्षं वाटायचं की ती विद्यार्थ्यांसाठी सोपी केलेली चाचणी आहे!

तर २.३३ हे २.१३१ च्या पलीकडे. पी-मूल्य (म्हणजे काय, ते पुढे सांगते) ०.०३ च्या आसपास. पाच टक्क्यांच्या पातळीवर शून्य गृहीतक नाकारलं. ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे खरी सरासरी जिथे असावी असा पट्टा, १९७.३ ते १९९.९, त्यातही २०० नाही. मी ऐटीत रिपोर्ट लिहिला. सुपरवायझर म्हणाले, “ठीक है मॅडम, कप बढ़ा देते हैं.”

आमचं मशीन कप फिलरचं. ते वजन करत नाही, आकारमान मोजतं: ठरावीक मापाचा कप भरतो आणि पाकिटात रिकामा होतो. सकाळी हॉपरमध्ये, म्हणजे मशीनवरच्या शेव भरायच्या टाकीत, ताजी, लांब, फुललेली शेव असते. ती कपात पोकळ बसते, म्हणून पाकीट हलकं. दिवस चढतो तसा तळाशी चुरा साठत जातो, चुरा दाबून बसतो, तेवढ्याच कपात जास्त वजन मावतं. माझी १६ च्या १६ पाकिटं शिफ्टच्या पहिल्या पंधरा मिनिटांतली, एकामागोमाग एक उचललेली. सकाळच्या पाकिटांबद्दल मी खरंच बोलले होते. बोलल्याचा अर्थ मात्र सगळ्यांनी, आणि मी सुद्धा, ‘दिवसभराची पाकिटं’ असा घेतला. कप वाढवला आणि दुपारनंतरची सरासरी २०४ च्या वर गेली. पाकिटामागे ४ ग्रॅम जास्त म्हणजे दर दहा हजार पाकिटांमागे ४० किलो शेव. मालकांनी मला काही बोलायच्या ऐवजी फक्त तो आकडा वहीवर लिहून माझ्यापुढे सरकवला.

शितावरून भाताची परीक्षा करतात खरी, पण आजी कुकर उघडला की वरचं शीत कधी दाबायची नाही, डाव खाली घालून मधलं काढायची. मला संख्याशास्त्रात दोन वर्षं घालवून हे कळायला चाळीस-चाळीस किलो शेव लागली.

आणखी एक बारकावा यात आहे, जो पुस्तकात एका ओळीत उरकतात: नमुने एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. लागोपाठची पाकिटं भावंडांसारखी असतात, एक हलकं तर शेजारचंही हलकंच. १६ पाकिटं घेतली तरी माहिती मिळते चार-पाचांएवढी. त्यांचं आपापसातलं विचलनही कमी दिसतं, प्रमाण त्रुटी खोटी लहान येते आणि टी फुगतो. सूत्राला हे कळत नाही, ते निमूट भागाकार करून देतं. आता आम्ही आठ तासांच्या शिफ्टमध्ये दर अर्ध्या तासाला दोन पाकिटं उचलतो. उचलायची वेळ आधी ठरलेली असते, नाहीतर पोरं नेमकी हॉपर भरल्यावरचीच सोयीची पाकिटं आणून देतात.

पी-मूल्याबद्दल. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो, मी स्वतः आता तो विचारते, आणि बहुतेक उमेदवार म्हणतात, “शून्य गृहीतक खरं असण्याची शक्यता.” नाही. खरी सरासरी २०० असती, तर निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ते पी-मूल्य. ‘असती तर’ हे दोन शब्द उत्तरात आले नाहीत तर मी पुढचा प्रश्न विचारत नाही. पाच टक्के हा आकडाही काही आकाशातून पडलेला नाही. रोनाल्ड फिशरनं १९२५ च्या आपल्या पुस्तकात वीसात एक ही सोयीची मर्यादा म्हणून सुचवली आणि ती चिकटली. वीस मशीनं असतील, सगळी ठणठणीत असतील आणि प्रत्येकावर पाच टक्क्यांची चाचणी केली, तर निदान एक तरी मशीन विनाकारण दोषी ठरण्याची शक्यता ६४ टक्के आहे. म्हणून एका लाल आकड्यावर मशीन बंद करायला धावू नका.

चाचणी एकटोकी (फक्त कमी वजन शोधणारी) की दोनटोकी (कमी-जास्त दोन्ही शोधणारी), हे पाकीट कापायच्या आधी ठरवा. यात मोह फार वाईट असतो. टी आला उणे २.०, दोनटोकी सीमा २.१३१, हातातोंडाशी आलेला घास गेला. मग कुणीतरी सुचवतं की आपल्याला कमी वजनाचीच भीती आहे ना, मग एकटोकी करू, सीमा १.७५३, झालं काम. तसं केलंत की तुमची पाच टक्क्यांची चाचणी पाच टक्क्यांची राहत नाही. मी तर दोन्ही गृहीतकं, पातळी आणि पाकिटांची संख्या वहीत तारखेसह लिहून सुपरवायझरची सही घेते. हसतात लोक. हसू देत.

‘नाकारता आलं नाही’ म्हणजे ‘सिद्ध झालं’ नव्हे. तीच १.४ ची तूट, तेच २.४ चं विचलन, पण पाकिटं चारच असती, तर टी आला असता १.१७ आणि सीमा ३.१८२. मशीन निर्दोष सुटलं असतं, पुराव्याअभावी. जर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दोन प्रकारच्या चुका समोरासमोर मांडल्या, त्या कारखान्याच्या भाषेत अशा: चांगलं मशीन उगाच थांबवणं आणि बिघडलेलं चालू ठेवणं. दुसरी चूक टाळायची तर पाकिटं किती, हे आधी काढावं लागतं. आमच्याकडे १ ग्रॅमचा फरक ८० टक्के खात्रीनं पकडायचा तर विचलन २.४ धरून साधारण ४८ पाकिटं लागतात. उलट टोकाला ४०० पाकिटं घेतलीत तर ०.३ ग्रॅमची तूटही टी २.५ देऊन ‘लक्षणीय’ ठरेल. तीन दशांश ग्रॅम म्हणजे शेवेच्या दोन-चार काड्या. एका गिऱ्हाइकाला त्यानं काय फरक पडतो? मालकाला मात्र पडेल, कारण त्याची पाकिटं लाखांत आहेत. हा निर्णय तक्त्यातून येत नाही.

सॉफ्टवेअर कुठलंही वापरा. एक्सेल पुरतं. फक्त ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन गटांची टी-चाचणी न सांगता वेल्चची होते, म्हणजे दोन्ही गटांची विचलनं सारखी धरत नाही, आणि मला तेच योग्य वाटतं. विचलनं सारखी आहेत याची खात्री प्रत्यक्षात कुणाला असते?

जोडीच्या चाचणीवर, म्हणजे एकाच वस्तूची दोन मापं असतात तेव्हाच्या चाचणीवर, मात्र थांबायला हवं, कारण इथे चुकणारे हुशारच असतात. गेल्या वर्षी नवीन काटा आला. जुना आणि नवा सारखंच दाखवतात का, हे बघायला हाताखालच्या मुलानं ९ पाकिटांची शेव आधी जुन्यावर आणि मग नव्यावर तोलली. दोन रकान्यांच्या सरासरीत फरक ०.८ ग्रॅम. त्यानं दोन स्वतंत्र गटांची चाचणी लावली: प्रत्येक रकान्याचं विचलन २.४, फरकाची प्रमाण त्रुटी १.१३, टी ०.७१. सीमा २.१२०. “ताई, दोन्ही काटे सारखेच आहेत,” म्हणाला.

पण शेव दोन्हीकडे तीच होती. पाकिटापाकिटांतला २.४ ग्रॅमचा चढउतार काट्यांचा नव्हताच, तो मध्ये येऊन खऱ्या फरकाला झाकत होता. मी त्याला तिसरा रकाना आखायला लावला, नवा वजा जुना. नऊ फरक, त्यांची सरासरी ०.८, विचलन फक्त ०.६. प्रमाण त्रुटी ०.६ भागिले ३, म्हणजे ०.२. टी आला ४. आठ स्वातंत्र्यमात्रांना सीमा २.३०६. आकडे तेच, वही तीच, निष्कर्ष उलटा.

त्याचा विश्वास बसेना, म्हणून २०० ग्रॅमचं प्रमाणित वजन दोन्ही काट्यांवर ठेवलं. जुन्यानं २००.० दाखवलं, नव्यानं २००.८. काटा परत गेला, आणि त्या नऊ पाकिटांची शेव दुसऱ्या दिवशी कँटीनच्या पोह्यांवर पडली, जीरावन या इंदुरी मसाल्यासकट.