आज तुमच्याकडे हवा कशी? फोटो पाठवताना या चुका टाळा

जानेवारीतली गोष्ट. मामेभावाने अमेरिकेतल्या मिनियापोलिसहून घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. गोठलेलं तळं, वर निळंशार आकाश, आणि खाली ओळ : ‘आज २०. ऊन पडलंय, मजा आहे.’ नाशिकच्या मावशीने लगेच विचारलं, ‘२० आहे तर एवढा मफलर कशाला रे गुंडाळलायस? आमच्याकडे ११ आहे, मी नुसत्या शालीवर बसलेय.’ त्याचे २० फॅरनहाइट होते, म्हणजे आपले उणे पावणेसात. तळं गोठलेलं दिसत असूनही मावशीने आकड्यावर विश्वास ठेवला, यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. फोटोखाली आकडा लिहिला की माणसं आधी तोच वाचतात.

आमच्या गोतावळ्यात नाशिक, नागपूर, दुबई, लंडन, मेलबर्न आणि हा मिनियापोलिसवाला, अशी सगळीकडची हवा रोज येऊन पडते. ते फोटो तारीख-ठिकाण लावून साठवायचं काम कोणी न नेमताच माझ्या गळ्यात पडलंय. त्यामुळे त्याच त्या चुका मी पुन्हा पुन्हा पाहतो. एकक न लिहिणं ही त्यातली सर्वात सोपी. सेल्सियस की फॅरनहाइट एवढा एक शब्द लिहिला की काम झालं. उणे ४० ला दोन्ही आकडे जुळतात, पण तेवढ्या थंडीत आमच्यातलं कोणी फोटो काढायला बाहेर पडणार नाही.

आकडा मोजला कोणी?

फोनवर दिसणारं तापमान तुम्ही उभे आहात तिथे कोणी मोजलेलं नसतं. संगणकावरचं हवामानाचं गणित जमिनीचे चौकोन पाडतं आणि त्यावरून तुमच्या जागेचा अंदाज बांधतं. आपल्या हवामान विभागाने मे २०२५ मध्ये सुरू केलेल्या नव्या प्रणालीतही हा चौकोन ६ किलोमीटरचा आहे. आता सिंहगडाचा विचार करा. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटरवर, पुणे शहर ५६० च्या आसपास. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे गडावर आणि शहरात चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. गडावर पिठलं-भाकरी खाताना काढलेल्या फोटोखाली शहराचे २८ अंश चिकटवले की तो फोटो खोटं बोलायला लागतो.

पावसाचं तर विचारूच नका. २६ जुलै २००५ चा तो दिवस मुंबईकर विसरणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि कुलाब्याला ७३.४. दोन्ही केंद्रांत अंतर जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. त्या दिवशी नुसतं ‘मुंबईत इतका पाऊस’ असं लिहिलेलं कुठलंही वाक्य अर्धवटच ठरलं असतं. म्हणून शहराच्या नावावर थांबू नका, केंद्राचं किंवा उपनगराचं नाव लिहा.

यात आणखी एक खोच आहे. हवामान विभागाचा रोजचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. तुमच्या गच्चीवर मंगळवारी दुपारी कोसळलेला पाऊस बुधवारच्या आकड्यात सापडतो. ‘काल एवढा धो धो पडला आणि कागदावर नुसते ३ मिलिमीटर?’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

ज्यांना स्वतः मोजायची हौस आहे त्यांच्यासाठी : भांडं सरळ काठांचं हवं. तळाशी निमुळती झालेली बाटली किंवा पसरट पातेलं चालत नाही. ते मोकळ्यावर ठेवा, झाडाखाली किंवा पागोळीखाली नको. साचलेल्या पाण्याची खोली पट्टीने मोजली की झाले मिलिमीटर. थर्मामीटर सावलीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर आणि भिंतीपासून सुटा टांगा. आपल्याकडे त्यासाठी घराची उत्तर बाजू बरी. मेलबर्नच्या भाचीने माझं ऐकून उत्तरेलाच टांगला आणि तिचा पारा रोज दुपारी भलताच चढायला लागला. चूक माझी होती. विषुववृत्ताच्या खाली सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे तिथे दक्षिणेची भिंत सावलीची.

राहिली गाडी. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या पडद्यावर ४९ दिसतात, त्याचा फोटो नागपूरचे काका दर मे महिन्यात न चुकता पाठवतात. तो आकडा तापलेल्या डांबराचा आणि पत्र्याचा असतो. दहा मिनिटं गाडी पळवा, खाली येतो.

पारा पाच, तरी बर्फ?

दर हिवाळ्यात महाबळेश्वरहून वेण्णा तलावाकाठचे फोटो येतात : गवतावर, बोटींवर, जीपच्या टपावर पांढरे हिमकण. सोबत तापमान पाच-सहा अंश. मग कोणीतरी शहाणा म्हणतो, शून्याच्या वर बर्फ होतो का कधी, फोटो बनावट आहे. दुसरा म्हणतो, मग आकडा बनावट आहे. दोन्ही खरे असू शकतात.

तापमान मोजायचं यंत्र जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, झडपांच्या पेटीत असतं. ते हवेचं तापमान सांगतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवताची पाती आणि पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त गार होतात. थंड हवा जड असल्याने ती उतरून तलावाकाठच्या सखल भागात साठते ते वेगळंच. छातीच्या उंचीवर पाच अंश असताना गवताच्या टोकाला शून्य होऊ शकतं आणि दव तिथेच गोठतं. असा फोटो टाकताना ‘हिमवर्षाव’ मात्र लिहू नका. आकाशातून काही पडलेलं नसतं, दव जागच्या जागी गोठलेलं असतं.

शब्दांची अशीच गल्लत धुक्याची. जुलैत लोणावळ्याला किंवा आंबोलीत तुम्ही ज्यात उभे असता त्याला सगळे धुकं म्हणतात, पण बहुतेक वेळा तो डोंगराला टेकलेला ढग असतो. डिसेंबरच्या पहाटे नदीकाठच्या शेतांवर पसरतं ते खरं धुकं. चंद्राभोवतीच्या कड्याला ‘गोल इंद्रधनुष्य’ म्हणायची गरज नाही, आपल्याकडे त्याला खळं हा शब्द आहे. उंचावरच्या पातळ ढगातल्या बर्फाच्या स्फटिकांमुळे ते पडतं. आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, सूर्य पाठीशी आणि ढग पायाखाली असताना दिसणारं रंगीत वर्तुळ, ज्याच्या मध्यभागी आपलीच सावली असते, ते इंद्रवज्र. ते ज्याच्या नशिबी आलं त्याने निदान नाव तरी बरोबर लिहावं.

पावसालाही आपल्याकडे इतके शब्द आहेत की नुसतं ‘पाऊस’ लिहिणं कद्रूपणा वाटतो. लंडनला वर्षभरात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि मुंबईत एकट्या जुलैत त्याहून जास्त. तिथली चुलतबहीण ‘सारखा पाऊस’ म्हणते तेव्हा ती भुरभुर असते, आपण म्हणतो तेव्हा संततधार. वळीव, रिपरिप, सर, झड यांतला एक शब्द घातला तर फोटोत न दिसणारा पाऊस निदान ऐकू तरी येतो.

कोणता ‘आज’, कोणती ‘सकाळ’

‘०७/०६, पहिला पाऊस’ असं मामेभावाने लिहिलं तेव्हा मावशीला मृगाची आठवण झाली. ७ जून ना! त्याची तारीख ६ जुलै होती. अमेरिकेत महिना आधी लिहितात. महिन्याचं नाव अक्षरात लिहा, वाद मिटला.

प्रवासात कॅमेऱ्याचं घड्याळ घरच्याच वेळेवर चालत राहतं. फोन आपोआप बदलतो, कॅमेरा बहुतेक नाही. मग लंडनची दुपार फोटोच्या नोंदीत रात्र होते. विमानातून उतरल्यावर बॅटरी बदलण्याआधी घड्याळ बदला. राहून गेलंच तर निदान स्थानिक वेळ दाखवणाऱ्या एका घड्याळाचा फोटो काढून ठेवा, नंतर फरक काढून सगळे फोटो सुधारता येतात.

वेळ लिहिली नाही तर काही ठिकाणी फोटो कळतच नाही. नॉर्वेतल्या ट्रोम्सोला नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. तिथला भर दुपारी बाराचा निळसर उजेड आपल्याला तिन्हीसांजेसारखा दिसतो. आणि मेलबर्नच्या फोटोखाली ‘डिसेंबर, उन्हाळा’ लिहिलं तर ती चूक नसते, एवढं आता मावशीलाही पाठ झालंय.

सर्वात मोठा घोळ व्हॉट्सअ‍ॅपवर होतो. साध्या पद्धतीने फोटो पाठवला की त्यातली वेळ आणि जागेची नोंद गळून पडते आणि चित्रही दाबलं जातं. मिळालेल्या फाइलच्या नावात ‘डब्ल्यूए’ आणि एक तारीख असते, पण ती फोटो काढल्याची नसते. तेवढ्यावरून ‘कास पठार, आज सकाळी’ म्हणत तीन वर्षांपूर्वीचा फोटो फिरतो आणि माणसं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फुलं शोधत साताऱ्याला जातात. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर नोंदी टिकतात. मात्र त्याच नोंदीत तुमच्या घराचे अक्षांश-रेखांशही असतात. घरच्यांना पाठवायला हरकत नाही. अनोळखी लोकांत टाकताना जागेची नोंद काढून गावाचं नाव हाताने लिहा. दुर्मिळ फुलाच्या किंवा घरट्याच्या फोटोला तर तालुक्याचं नावसुद्धा पुरे.

दुसऱ्याचा फोटो पुढे ढकलण्याआधी चित्रावरून शोध घेऊन बघा. दर दिवाळीला ‘अवकाशातून दिसणारा भारत’ म्हणून रंगीबेरंगी नकाशा येतो. तो एका रात्रीचा फोटोच नाही. अनेक वर्षांच्या उपग्रहचित्रांवर वेगवेगळे रंग देऊन वस्ती कशी वाढली हे दाखवलेलं ते चित्र आहे.

फोटोच बिघडतो तेव्हा

एसी खोलीतून कोकणातल्या दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर वाफ धरते. लोक ती रुमालाने पुसतात आणि वर चरे पाडतात. पुसू नका. निघायच्या अर्धा तास आधी कॅमेरा बंद बॅगेतच व्हरांड्यात ठेवा. थंड देशात उलटं होतं : बाहेरून उबदार घरात येताना वाफ धरते, आणि तिथे तर ती आतल्या भागांतही शिरू शकते. बाहेर असतानाच कॅमेरा घट्ट प्लॅस्टिक पिशवीत घाला, घरात आल्यावर तासभर उघडू नका. कडाक्याच्या थंडीत ६० टक्के दाखवणारी बॅटरी एकदम मान टाकते. ती मेलेली नसते. दुसरी बॅटरी आतल्या खिशात ठेवा, आणि गारठलेली ऊब मिळाली की पुन्हा थोडी चालते.

पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. झाकणाचा हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढं पुरतं, पण निळे खडे गुलाबी झाले की ते गरम करून वाळवावे लागतात. हे मी दोन पावसाळे विसरलो. त्या लेन्समध्ये आता जाळं दिसतं.

बर्फ राखाडी येतो, कारण कॅमेरा समोरचं सगळं मध्यम उजेडाचं समजतो. प्रकाशाची पट्टी (एक्स्पोजर) एक ते दीड टप्पा वर सरकवा. ढगातल्या फोटोलाही हाच उपाय. सूर्यास्ताचा केशरी रंग फोनने धुऊन टाकला तर रंगांची स्वयंचलित सोय बंद करून ‘ऊन’ हा पर्याय निवडा. पाऊस फोटोत दिसत नसेल तर मागे गडद काहीतरी घ्या, झाडी किंवा ओला कातळ. पांढऱ्या आकाशापुढे थेंब हरवतात.

रंग वाढवण्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. सह्याद्री श्रावणात आधीच एवढा हिरवा असतो की त्यावर आणखी पट्टी ओढली की तो पोपटाच्या पिसासारखा दिसतो, आणि परदेशातले आपलेच लोक इथे आल्यावर हिरमुसतात. ध्रुवीय प्रकाशाचंही तेच. १० आणि ११ मे २०२४ च्या सौरवादळात लडाखच्या हानले इथेही आकाशात लाल झाक टिपली गेली, पण अशा वेळी कॅमेरा काही सेकंद उजेड साठवत असतो. डोळ्याला बहुतेकदा फिकट, राखाडीच दिसतं. ‘कॅमेऱ्यात असं आलं, डोळ्याला फिकट होतं’ एवढं लिहायला लाज कसली?

विजांचे फोटो काढणाऱ्यांना एकच सांगतो. गडगडाट ऐकू आला की गच्ची आणि तिपाई सोडून आत या, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळ पडणाऱ्या विजेची सूचना देतं, ते फोनवर असू द्या.

काल सकाळी मावशीचा फोटो आला. तुळशीवृंदावनामागे गुलाबी आकाश, खाली ओळ : ‘नाशिक, आपली गच्ची, सकाळी ६:५०. थर्मामीटर सावलीत, ९ अंश सेल्सियस. रंग वाढवलेला नाही. आता बाळ्या, तुझे किती ते नीट सांग.’