राहायला जुनी मोटारबोट घेताय? आधी फळ्या उचला

कोथरूडचा फ्लॅट भाड्याने देऊन कोकण किनाऱ्याला बोटीत राहायचं, असं म्हणणारे अधूनमधून माझ्याकडे येतात. माझी नोकरी सगळी जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली, म्हणून. मोबाइलवर सोफ्यांचे आणि पडद्यांचे फोटो असतात. मी म्हणतो, हे राहू द्या, फळ्यांखाली काय आहे ते दाखवा.

बघायला जाण्याआधी मालकाला बजावा, आम्ही येईपर्यंत स्टार्टरला हात लावायचा नाही. पोचल्यावर तळहात इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवा. कोमट लागला, तर गार इंजिन सहज उठत नाही, असं धरून चाला. डिपस्टिकवर तेल दुधाळ असेल तर आत पाणी शिरतंय. मग चहा घ्या आणि घरी परत या. तसं नसेल तर इंजिन सुरू करून धूर बघा. निळा असेल तर इंजिन तेल खातंय. काळा असेल तर हवा कमी पडतेय, नाहीतर पाण्यातल्या पंख्याला (प्रोपेलरला) शिंपले चिकटून बोजा वाढलाय.

इंजिनाची कंपनी बघताना पुणेकराला सोपं जातं. कमिन्स १९६२ पासून इथे आहे, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स खडकीत. त्यांचं चालू मॉडेल असेल तर पार्ट आणि जाणकार मेकॅनिक दोन्ही हाताशी. बंद पडलेलं परदेशी मॉडेल स्वस्तात मिळतं, ते का, हे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं रबरी चाक, म्हणजे इंपेलर, पहिल्यांदा बदलताना कळतं.

वेगाचा मोह नको. पाण्याला टेकणारी लांबी ३६ फूट असेल, तर त्याचं वर्गमूळ ६, गुणिले १.३४, म्हणजे ८ नॉट (ताशी ८ सागरी मैल). त्याच्या आतबाहेर बोट सुखाने चालते, पुढे नुसतं डिझेल जळतं. ढोबळ हिशेब असा, की ताशी १ लिटरमागे ५ अश्वशक्ती. ४० अश्वशक्ती वापरली तर ताशी ८ लिटर. ३०० ची दोन इंजिनं पूर्ण ताणली तर १२०. मी तरी एकच इंजिन आणि पंख्यापुढे भक्कम कील, म्हणजे तळाचा कणा, असलेली बोट घेईन. आपल्या किनाऱ्यावर जाळी पसरलेली असतात, उघडे दोन पंखे त्यात अडकायला कितीसा वेळ?

फायबरचा तळ प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत जा. टणक आवाज येता येता मध्येच थप्प झाला, तर तिथे थर सुटलेत किंवा आतलं लाकूड भिजलंय. डेकवर रेलिंगच्या बुडाशी हे हमखास सापडतं. डिझेलची टाकी सडली तर बाहेर कशी निघणार, हेही विचारा. कित्येक बोटींत त्यासाठी इंजिन उचलावं लागतं. शेवटचा शब्द मात्र स्वतंत्र सर्व्हेअरचा. त्याचा रिपोर्ट विमा कंपनीलाही लागतो.

बदल करताना वीज आधी, गाद्या नंतर. फ्रीज दिवसाला ५०-६० अँपिअर-अवर (बॅटरीतल्या विजेचं माप) खातो; पंखे, दिवे, पंप धरून १२० होतात. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणून किमान २४० घ्या. ४०० वॉटचं सोलर स्वच्छ उन्हात बहुतेक भरून काढतं. एसी हवाच असेल तर जनरेटरची घरघरही हवी. पुण्याच्या तपकीर गल्लीतली घरगुती वायर खारट हवेत हिरवी पडते. कथिल चढवलेली, अनेक तारांचीच मागा. प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, भवानी पेठेत मिळतो. नट-बोल्ट खाऱ्या हवेत टिकणाऱ्या ३१६ स्टेनलेस स्टीलचे. दुकानदार ३०४ पुढे करतो, ‘तेच आहे’ म्हणतो. तेच नसतं.

गॅस सगळ्यात जपून. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. सिलिंडर डेकवर, बंदिस्त कप्प्यात, आणि कप्प्याच्या तळातून भोक थेट बाहेर. शेगडीला कडेने कठडा हवा, नाहीतर चार शिट्ट्या होण्याआधी कुकर जमिनीवर.

पाण्याचं म्हणाल तर दोघांना काटकसरीने रोज ५० लिटर. ४०० लिटरची टाकी आठवडाभर पुरते.

पावसाळ्यात बोटीत राहणं विसरा. मे अखेरीस बोट वर काढा, शाकारा, खिडक्यांची जाळी उघडी ठेवा, टाकी डिझेलने काठोकाठ भरा, म्हणजे आत दमट हवा राहून पाणी साचणार नाही. बॅटऱ्यांच्या केबल सोडा. तेवढे चार महिने पुण्यात कुठे राहणार, हे फ्लॅट भाड्याने देण्याआधी ठरवा.