पोट्ट्यांना नाईल नदी समजवायची तर ट्रेमधी ओसायरिस उगवा

आपल्याकडं घटात गहू पेरतात, भुजल्या घालतात, म्हणून इजिप्तचा हा देव पोट्ट्यांच्या डोक्यात लवकर बसते. नकाशा नंतर दाखवा.

पहिले गाळ आणा. वैनगंगेच्या काठचा, पुरानं आणून टाकलेला भेटला तर एक नंबर, नाहीतर वावरातली काळी माती. लाल मुरमाड नको, कारण गोष्ट तिथूनच सुरू होते, जुने इजिप्तवाले आपल्या मुलखाला केमेत म्हणत, म्हणजे काळी जमीन, अन् बाजूच्या वाळवंटाला देशरेत, म्हणजे लाल. त्यांच्याकडं पाऊस नसल्यासारखाच, तो पडते इथिओपियाच्या डोंगरात, मंग तेव्हा, आस्वानचं मोठं धरण व्हायच्या आधी, जून ते सप्टेंबर नाईल फुगून वावरात शिरायची अन् उतरताना गाळ ठेवून जायची, त्यात पेरणी. आपल्याकडं पूर आला की पंचनामा, तिकडं नाही आला की उपासमार व्हायची.

ट्रेमधी गाळाचा माणूस करा, पाय जुळलेले, हात छातीवर, डोक्यावर उंच मुकुट. रात्री भिजवलेले जव त्यावर दाट पसरा (जवस नाही बावा, जव! एक पोट्टं हमखास जवस आणते), नसतील तर गहू. वरून चिमूटभर माती, अन् ट्रे सावलीत.

पाणी शिंपडा, ओतू नका. मी पहिल्या खेपेला भसकन ओतलं अन् अख्खा देव सडला. पण तेच सांगायला कामी आलं, पूर कमी आला तर उपास अन् जास्त आला तर गावं वाहून जात, म्हणून ते काठावर दगडात खुणा कोरून पाणी मोजत अन् त्यावरून शेतसारा ठरे. एका रोमन लेखकानं लिहून ठेवलंय, १२ हात पाणी म्हणजे भूक, १६ हात म्हणजे आनंद.

पहिले दोन दिवस काहीच दिसत नाही, पोट्टे कंटाळतात, तेव्हाच गोष्ट सांगा. ओसायरिसला सख्ख्या भावानं, सेथनं मारलं, तुकडे करून फेकले, बायकोनं, इसिसनं, ते गोळा केले अन् तो उठला, पण मेलेल्यांचा राजा होऊन. चित्रात तो काळा नाहीतर हिरवा काहून असते, हे पाचव्या दिवशी ट्रेकडं पाहून पोट्टेच सांगतात.

१९२२ मधी सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात असाच लाकडी साच्यातला ओसायरिस होता, अंकुर फुटलेला, कापडात गुंडाळलेला. आपल्याला गुंडाळायची गरज नाही, फक्त बकरी दूर बांधा, मागच्या वर्षी तिनं मुकुटापासून सुरुवात केली होती.